अंगावरचे खाजरे पुरळ : कारण शोधताना तास मागे मोजावेत

शेतात, खळ्यावर किंवा गोदामात काम करणाऱ्या माणसांच्या अंगावर अचानक खाजरे पुरळ उठले, की त्याचे निदान गावात दोन-चार शब्दांत उरकले जाते. ‘पित्त उठले’, ‘उष्णता बाहेर पडली’, ‘पाणी बाधले’, आणि अलीकडे या सर्वांची जागा घेणारा ‘ॲलर्जी’ हा शब्द. यांपैकी एकही शब्द कारण सांगत नाही. तरीही त्यावरून उपाय मात्र ठरतो. आमसुलाचे पाणी, औषधाच्या दुकानातून मागून आणलेले मलम आणि खाजेची गोळी एवढ्यावर बहुतेकांचे भागते. पुरळ चार दिवसांत आपोआप बसले तर उपाय लागू पडला असे मानले जाते. न बसले तर मलम बदलले जाते. कारण मात्र खळ्यावर, पाण्यात, बांधावर किंवा अंथरुणात तसेच राहते आणि पुढच्या मजुराच्या अंगावर उठते.

निदान करणे हे डॉक्टरांचे काम आहे, यात शंका नाही. परंतु डॉक्टरांना रुग्णाची त्वचा दिसते. खळे, गोदाम, भातखाचर आणि गोठा दिसत नाही. ते पाहणारा माणूस म्हणजे कृषी विस्तार कार्यकर्ता किंवा जाणता शेतकरी. त्याने योग्य प्रश्न विचारून चार ओळी लिहून दिल्या, तर दवाखान्यातील निदान बरेच सोपे होते.

पुरळाच्या केवळ दिसण्यावरून कारण ओळखण्याचा प्रयत्न बहुधा फसतो. त्वचेजवळ प्रतिक्रियेचे प्रकार मोजकेच असतात : लाली, गांध, पुटकुळी, फोड. डासाची पुटकुळी, भुशातील कोळी किडीची पुटकुळी आणि खरजेची पुटकुळी पहिल्या दिवशी एकमेकींसारख्याच दिसू शकतात. त्यापेक्षा भरवशाची खूण म्हणजे वेळ. संपर्क घडल्यापासून खाज सुटेपर्यंत किती काळ गेला, याचे प्रत्येक कारणाचे गणित वेगळे आहे. काही कारणे क्षणात खाजवतात, काही दुसऱ्या दिवशी, तर एक कारण चक्क महिन्याभराने. म्हणून खाज सुटली त्या क्षणापासून तास मागे मोजत जाणे, ही शोधाची पहिली पायरी ठरते.

गादीतले काड

या पद्धतीचे उत्तम उदाहरण शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचे आणि अमेरिकेतील आहे. पण त्याचा विषय आपल्याकडील प्रत्येक खळ्यावर असतो तो, म्हणजे गव्हाचे काड. फिलाडेल्फिया शहरातील त्वचारोगतज्ज्ञ जे शॅम्बर्ग यांनी १९०१ साली एका अपरिचित खाजऱ्या पुरळाच्या साथीचे वर्णन प्रसिद्ध केले होते. कारण मात्र हाती लागले नव्हते. १९०९ च्या उन्हाळ्यात शहरात पुन्हा तसेच रुग्ण दिसू लागले, तेव्हा सरकारी आरोग्यसेवेतील जोसेफ गोल्डबर्गर हे तपासासाठी आले. पुढे पेलाग्रा या रोगाचे मूळ आहारात आहे हे दाखवून देणारे गोल्डबर्गर ते हेच.

रुग्णांमध्ये समान धागा शोधता शोधता संशय नव्या गाद्यांवर आला. या गाद्या गव्हाच्या काडाने भरलेल्या होत्या. गोल्डबर्गर यांनी अशा दोन गाद्यांच्या मध्ये आपला उघडा हात तासभर ठेवला. त्या वेळी काहीच जाणवले नाही. सुमारे १६ तासांनी मात्र हातावर तेच पुरळ उठले. मग काड बारीक चाळणीतून चाळून खाली पडलेल्या धुळीचे दोन भाग केले गेले. एका भागाला क्लोरोफॉर्मची वाफ देऊन त्यातील सजीव मारले. दुसरा तसाच ठेवला. तसाच ठेवलेल्या धुळीने त्वचेवर पुरळ उठवले, वाफ दिलेल्या धुळीने नाही. म्हणजे दोष काडात, धुळीत किंवा एखाद्या रसायनात नव्हता. काडातील एका जिवंत प्राण्यात होता. धूळ बारकाईने पाहिल्यावर तो सापडलाही : नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसेल अशी कोळी कीड, पायमोटिस वर्गातली.

माणसाच्या त्वचेवर असा प्रयोग आज कोणी करू नये. शोधाची रीत मात्र जशीच्या तशी घेण्याजोगी आहे. ज्यांना पुरळ उठले आणि ज्यांना उठले नाही, त्यांच्यात फरक कोणता? आणि आदल्या दिवशी साधारण याच वेळी ते काय करत होते?

धान्याची कीड आणि किडीची कीड

ही कोळी कीड धान्य खात नाही, हे प्रथम लक्षात घ्यावे. ती धान्यातील किडींवर जगते. कडधान्यातील भुंगेरा, साठवणीतील धान्याचा पतंग अशांच्या अळ्यांना ती चिकटते, विषारी डंखाने त्यांना लुळे करते आणि त्यांचा रस शोषते. एरवी एका मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढी असलेली मादी पोट भरल्यावर फुगून मोत्यासारखी गोल होते. तिच्या पोटातून शंभराहून अधिक पिल्ले पूर्ण वाढ झालेल्या अवस्थेतच बाहेर पडतात. त्यामुळे अनुकूल हवेत तिची संख्या एक-दोन आठवड्यांत प्रचंड वाढते. शेतीच्या दृष्टीने पाहिले तर ही मित्रकीडच म्हणावी लागेल. फक्त भुकेच्या वेळी ती माणसालाही डसते.

नेमका धोका इथेच आहे. यजमान अळ्या संपल्या किंवा पोती हलवली गेली, की भुकेल्या कोळी किडी धुळीबरोबर अंगावर येतात. डंख कळत नाही. साधारण १० ते २४ तासांनी अनावर खाज सुटते आणि पुटकुळीच्या मध्यभागी बारीकसा पाणीदार ठिपका दिसतो. पोती वाहिली असतील तर पुरळ मान, खांदे आणि पाठीवर अधिक. भुशावर झोपले असतील तर ज्या कुशीवर झोपले त्या बाजूला अधिक. डास आणि ढेकूण बहुधा उघड्या भागांवर चावतात, ही कीड सैल कपड्यांच्या आतही शिरते. हा फरक उपयोगी पडतो.

समजा, सोमवारी सकाळी हरभऱ्याची जुनी पोती गोदामातून बाहेर काढली. सोमवारी दिवसभर कोणाची तक्रार नाही. मंगळवारी पहाटे हमालांच्या पाठी खाजू लागतात. मंगळवारी ते कांदा भरत असतात, म्हणून दोष कांद्याच्या गोणीवर किंवा त्यावरील फवारणीवर येतो. गोणपाट बदलले जाते, व्यापाऱ्याशी वाद होतो, आणि गुरुवारी पुन्हा हरभरा हलवला की शुक्रवारी पुन्हा पुरळ. ज्या मुकादमाने केवळ वजनकाट्यावर नोंदी केल्या, त्याला काही झालेले नसते. सोमवार आणि गुरुवार हे दोन दिवस कागदावर लिहिलेले असते, तर कांद्यावर आळ आलाच नसता.

खात्री करण्यासाठी संशयित पोत्यातील भुसा व धूळ बारीक चाळणीने काळ्या कागदावर चाळावी आणि दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाने पाहावी. हे करताना हातमोजे व पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. किडक्या दाण्यांतील अळ्यांवर चिकटलेले पिवळसर-पांढरे मणी दिसले, तर संशय बळावतो. नमुना बंद बाटलीत घालून जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाकडे पाठवावा.

उपाय त्वचेवर कमी आणि गोदामात जास्त आहे. ही कीड माणसाच्या अंगावर राहत नाही, त्वचेत शिरत नाही, एका माणसाकडून दुसऱ्याकडे पसरत नाही. काम संपताच साबणाने अंघोळ, कामाचे कपडे वेगळे धुणे आणि त्या साठ्यापासून दूर राहणे एवढ्याने पुरळ सहसा आठवड्या-दीड आठवड्यात ओसरते. साठ्यातील धान्यकिडी मात्र संपवल्या पाहिजेत. यजमान गेला की कोळी कीडही जाते. धान्य नीट वाळवून, म्हणजे तृणधान्ये सुमारे १२ टक्के आणि कडधान्ये त्याहून थोड्या कमी ओलाव्यावर, हवाबंद पिशव्यांत साठवल्यास किडींची सुरुवातच होत नाही. धुरी देण्याची वेळ आली तर ती प्रशिक्षित व परवानाधारक व्यक्तीकडूनच द्यावी. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरातील कणगीत किंवा झोपण्याच्या खोलीशेजारी ठेवल्याने माणसे दगावली आहेत. खाजेवर असा उपाय कदापि करू नये.

क्षणात सुटणारी खाज

संपर्क होताच खाज सुटली, तर शोध फारसा करावाच लागत नाही. खाजकुयरीच्या शेंगेवरील लव अंगाला लागली की माणूस क्षणात बेजार होतो. या लवेतील म्युकुनेन हे प्रथिन मज्जातंतूंच्या टोकांना थेट चेतवते. इतर बहुतेक खाजेत असणारा हिस्टामिनचा मार्ग यात मुख्य नसतो, म्हणून नेहमीच्या खाजेच्या गोळीने फारसा आराम पडत नाही. अंग चोळू नये. चोळल्याने लव आणखी आत रुतते. चिकटपट्टी हलकेच लावून उचलावी, मग भरपूर पाण्याने धुवावे. औषधी पीक म्हणून खाजकुयरीची लागवड करणाऱ्यांनी लव नसलेल्या वाणांचा विचार करावा. केसाळ सुरवंटांचेही असेच. मात्र त्यांचे केस वाळत घातलेल्या कपड्यांवर पडून दुसऱ्या दिवशी अंगाला लागू शकतात आणि मग तास मोजण्याची गरज पडतेच.

कृत्रिम पायरेथ्रॉइड वर्गातील कीटकनाशके फवारल्यानंतर चेहऱ्याला काही तास मुंग्या येतात, चुरचुरते. पण पुरळ बहुधा नसते आणि त्रास साधारण दिवसभरात थांबतो. हे लक्षण खाजेचे नसून, संरक्षक साधने नीट वापरली नाहीत याचे आहे.

भातखाचरातील पाणी

लावणीच्या वा निंदणीच्या काळात पाय खाजण्याची तक्रार आसामपासून मध्य भारतापर्यंत आणि दक्षिणेतील भातपट्ट्यातही ऐकू येते. ती सरसकट ‘चिखल्या’ या नावाखाली जाते. चिखल्यांमध्ये बोटांच्या बेचक्यांतील कातडी पाण्याने पांढरी पडून फुटते. खाचरातल्या पाण्याची खाज निराळी असते. पाण्यात असताना किंवा बाहेर आल्यावर काही मिनिटांत टोचल्यासारखे होते, मग तेवढ्यापुरते थांबते, आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी लालसर पुटकुळ्या उठतात. पाणी जिथपर्यंत होते तिथपर्यंतच पुटकुळ्या आणि त्यावर त्वचा स्वच्छ, अशी जणू रेघ आखलेली दिसते. ही रेघ दिसली की दुसरे कारण शोधत बसण्याची फारशी गरज नसते.

यामागे गुरांच्या किंवा पाणपक्ष्यांच्या रक्तात राहणाऱ्या पर्णकृमींच्या सूक्ष्म अळ्या असतात. जनावराच्या शेणातून किंवा नाकाच्या स्रावातून कृमींची अंडी पाण्यात पडतात. त्यांतून निघालेल्या अळ्या गोगलगायीत वाढतात आणि पुन्हा पाण्यात येऊन नवा यजमान शोधतात. भारतात गुरांच्या अशा कृमींसाठी इंडोप्लॅनॉर्बिस ही चपटी, वेटोळ्या शंखाची गोगलगाय प्रमुख वाहक आहे. माणसाची पिंढरी ही या अळ्यांची चूक असते. त्या कातडीत शिरतात, तिथेच मरतात आणि त्यांच्या मरण्यावर शरीर जी प्रतिक्रिया देते तीच खाज. म्हणून पहिल्या वर्षी किरकोळ वाटणारा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या हंगामात वाढतो. माणसाच्या शरीरात वाढणाऱ्या अशा कृमीचे भारतातील ठळक उदाहरण म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी. १९५० च्या दशकात तेथे लघवीतून रक्त जाण्याचे रुग्ण नोंदले गेले होते. खाचरातली नेहमीची खाज तसली नव्हे, हे मजुरांना समजावून सांगितले तर भीती बरीच कमी होते.

पाय खाजणारे मजूर आणि नाकातून घोरल्यासारखा आवाज करणारी गुरे एकाच वस्तीत आढळली, तर दोन्ही एकाच पाण्याच्या गोष्टी असण्याची शक्यता आहे. नाकातील पर्णकृमीमुळे गुरांना असे घोरणे लागते. तेव्हा मजुरांसाठी मलम आणण्याबरोबरच पशुवैद्यकालाही बोलवावे. पाण्यातून बाहेर येताच खरखरीत कापडाने पाय जोरात पुसणे, शक्य तिथे गमबूट वापरणे, गुरांना खाचराच्या पाण्यात बसू न देणे आणि खाचर आलटून पालटून कोरडे करणे हे उपाय साधे आहेत. गोगलगायी खाव्यात म्हणून बदके सोडण्याचा सल्ला दिला जातो. परंतु पक्ष्यांचे कृमी बदकांतही वाढतात, त्यामुळे हा उपाय सरसकट सांगू नये.

एक-दोन दिवसांनी

रात्री दिव्याखाली बसलेल्या माणसाच्या मानेवर किंवा चेहऱ्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लांबट, भाजल्यासारखा पट्टा उठतो. गावात त्याला बहुधा ‘नागीण’ ठरवले जाते. खरी नागीण मज्जातंतूच्या मार्गाने, शरीराच्या एकाच बाजूला येते आणि तिच्यात वेदना मोठी असते. हा पट्टा मात्र पेडेरस नावाच्या नारिंगी-काळ्या, मुंगीसारख्या दिसणाऱ्या भुंगेऱ्याचा असू शकतो. तो चावत नाही, डसत नाही. अंगावर चिरडला गेला की त्याच्या शरीरातील पेडेरिन हे द्रव्य त्वचेला लागते आणि हात फिरेल तिकडे पट्टा ओढला जातो. कोपराच्या किंवा गुडघ्याच्या घडीत समोरासमोर दोन सारखे डाग उमटणे ही त्याची खास खूण. अंगावर दिसल्यास चापट न मारता फुंकर मारून उडवावा, जागा साबणाने धुवावी, रात्री दिवा अंथरुणापासून दूर ठेवावा. हा भुंगेरा भातावरील तुडतुडे खातो. त्याच्यासाठी शेतात फवारणी करणे म्हणजे आपलाच राखणदार मारणे.

दुसरे आणि फार मोठे कारण गाजर गवत. १९५० च्या दशकात पुण्यात लक्ष वेधून घेतलेले हे तण आज देशभर पसरले आहे. हिंदी पट्ट्यात त्याला गाजर घास म्हणतात, महाराष्ट्रात काँग्रेस गवत हे नावही रूढ आहे. त्याच्या पानांवरील लव, फुले व परागकण यांतील पार्थेनिन हे द्रव्य काही व्यक्तींच्या शरीरात कायमची अतिसंवेदनशीलता निर्माण करते. अशा व्यक्तीला संपर्कानंतर साधारण एक ते तीन दिवसांत त्रास होतो. वाळलेल्या गवताची भुकटी वाऱ्याने उडते, म्हणून गवताला हातही न लावलेल्या माणसाच्या पापण्या, मान, गळ्याचा व्ही आकाराचा उघडा भाग आणि कोपराच्या घड्या सुजतात, खाजतात. वर्षानुवर्षे बांधावर निर्धास्त वावरलेल्या शेतकऱ्याला चाळिशी-पन्नाशीत हा त्रास सुरू होतो, तेव्हा ‘इतकी वर्षे काही झाले नाही, मग आताच कसे?’ हा प्रश्न तो हमखास विचारतो. उत्तर असे, की अतिसंवेदनशीलता पहिल्या संपर्कात होतेच असे नाही. ती दीर्घ काळ साचत जाऊन एके दिवशी उघड होते, आणि एकदा झाली की सहसा जात नाही.

त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पट्ट्या लावून दोन दिवसांनी वाचण्याची जी चाचणी करतात, तिने हे निश्चित करता येते. शेवंती आणि सूर्यफूल ही याच कुळातील झाडे असल्याने गाजर गवताचा त्रास असलेल्यांना त्यांचाही होऊ शकतो. फूलशेती करणाऱ्यांच्या बाबतीत हे आवर्जून विचारावे, कारण तिथे प्रश्न उपजीविकेचा असतो. जबलपूर येथील तण संशोधन संचालनालय दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात गाजर गवत जागृती सप्ताह राबवते. त्या सप्ताहात गावकऱ्यांना श्रमदानाला बोलावताना, ज्यांना आधीच त्रास आहे त्यांना हातमोजे देऊन कामाला लावू नये. त्यांनी त्या कामापासून दूरच राहावे. इतरांनीही फुलोऱ्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून उपटावे. मेक्सिकोहून १९८४ साली आणलेला झायगोग्रामा भुंगेरा पावसाळ्यात या गवताची पाने फस्त करतो. तो दिसेल तिथे त्याला काम करू द्यावे.

महिन्याभराने उठणारी खाज

तास मागे मोजण्याची रीत जिथे सर्वाधिक गोंधळात पाडते, ते कारण म्हणजे खरूज. प्रथमच लागण झालेल्या माणसाला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. त्या काळात त्याच्या अंगावर कोळी कीड असते, ती दुसऱ्याला लागू शकते. खाज मात्र नसते. ऊसतोडीच्या टोळीत, वीटभट्टीवर किंवा वसतिगृहात राहून परतलेला माणूस घरी आल्यावर महिन्याने खाजवू लागला, तर त्याला त्या जागेची आठवणही येत नाही. पूर्वी खरूज होऊन गेली असेल, तर मात्र एक ते चार दिवसांतच खाज सुरू होते.

सामान्य रुग्णाच्या अंगावर या किडी जेमतेम दहा-पंधरा असतात, म्हणून डोळ्यांनी शोधून सापडत नाहीत. ओळखायच्या खुणा वेगळ्या : खाज रात्री वाढते, बोटांच्या बेचक्या, मनगट, कंबर, काख, जननेंद्रिये येथे पुटकुळ्या व बारीक नागमोडी रेषा दिसतात, आणि घरातील दुसरे कोणी तरी खाजवत असते. हा शेवटचा प्रश्न लाजेमुळे अनुत्तरित राहतो. स्त्रियांना स्त्री कार्यकर्तीने, इतरांच्या मागे विचारावा. खरूज हा अस्वच्छ माणसांचा रोग आहे, ही समजूत उपचारातील सर्वांत मोठा अडथळा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांमध्ये त्याचा समावेश केला, तो उगाच नव्हे.

उपचार सोपा आहे, पण तो अर्धवट केला जातो. डॉक्टरांच्या सल्ल्याने पाच टक्के पर्मेथ्रिनचे मलम मानेपासून तळपायापर्यंत, न खाजणाऱ्या जागेवरही, रात्री लावून सकाळी धुवायचे आणि साधारण आठवड्याने पुन्हा लावायचे. घरातील सर्वांनी, खाज नसली तरी, एकाच रात्री लावायचे. अंथरूण-पांघरूण व कपडे गरम पाण्यात धुवायचे; जे धुता येत नाही ते पिशवीत किमान तीन दिवस बांधून ठेवायचे. तान्ही मुले आणि गर्भवती स्त्रिया यांच्याबाबत डॉक्टरांना आधी विचारायचे. उपचारानंतरही खाज दोन ते चार आठवडे रेंगाळू शकते, म्हणून मलम पुन्हा पुन्हा लावत राहू नये.

दोन चुका येथे घातक ठरतात. पहिली, दुकानातून घेतलेले स्टिरॉइडमिश्रित मलम. त्याने लाली आणि खाज दबते, कीड मात्र निर्धास्त वाढते आणि खुणा इतक्या पुसट होतात की डॉक्टरही चकतात. गजकर्णाचेही असेच होते. देशात अलीकडे हट्टी झालेल्या गजकर्णामागे या मलमांचा बेसुमार वापर हे एक प्रमुख कारण मानले जाते. दुसरी चूक शेतकरी कुटुंबांतच घडते. पर्मेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही नावे त्यांच्या ओळखीची असतात; गुरांच्या गोचिडांसाठी आणलेले किंवा पिकासाठीचे द्रावण ‘औषध तेच’ म्हणून माणसाच्या अंगाला लावले जाते. औषध तेच नसते. त्याची तीव्रता, त्यातील द्रावके आणि शुद्धता माणसाच्या त्वचेसाठी नसतात. लहान मुलांना तर त्यातून विषबाधा होऊ शकते. हे प्रत्येक शेतकरी मेळाव्यात स्पष्टपणे सांगितले गेले पाहिजे. खरूज झालेल्या शेळीपासून किंवा कुत्र्यापासूनही माणसाला खाज सुटते, परंतु जनावरांची कीड माणसावर वाढत नाही. जनावराचा उपचार झाला की ती थांबते.

न खाजणारी खपली

शोधात खाजणाऱ्या जागाच पाहिल्या गेल्या, तर सर्वांत धोकादायक खूण निसटते. स्क्रब टायफस हा आजार पसरवणाऱ्या सूक्ष्म कोळी किडीच्या अळ्या झुडपी गवतात, बांधावर, पडीक रानात असतात. चावल्याचे बहुधा आठवतही नाही. साधारण सहा दिवस ते तीन आठवड्यांनी जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते. काही रुग्णांच्या काखेत, जांघेत, कमरेपाशी किंवा स्तनांखाली विडीचा चटका लागल्यासारखी काळी खपली असते. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून कोणी दाखवत नाही. विदर्भ, हिमालयाच्या पायथ्याचा प्रदेश, पूर्व उत्तर प्रदेश, तामिळनाडू अशा दूरदूरच्या भागांत हा आजार आढळतो. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत अधिक. डॉक्सिसायक्लिनसारख्या साध्या औषधाने तो वेळेवर बरा होतो आणि उशीर झाल्यास जीव घेतो. तापाच्या रुग्णाला ‘दोन-तीन आठवड्यांत गवत कापले होते का, अंगावर कुठे काळी खपली आहे का’ हे विचारून त्याच दिवशी आरोग्य केंद्रात पाठवावे आणि खपलीचा उल्लेख चिठ्ठीवर करावा.

चिठ्ठीवर काय लिहावे

या सर्व शोधाला लागते ते एक पान. खाज प्रथम केव्हा सुटली, दिवस आणि वेळ. त्याआधीच्या दोन दिवसांत कोणकोणती कामे केली. पुरळ अंगावर नेमके कुठे आहे, शक्य तर माणसाची बाह्यरेषा काढून त्यावर खुणा. बरोबर काम करणाऱ्यांपैकी आणि घरातल्यांपैकी कोणाकोणाला आहे, कोणाला नाही. गावाबाहेर मुक्काम झाला होता का. गुरे, कोंबड्या, कुत्री यांना काही त्रास आहे का. आणि आतापर्यंत अंगाला काय काय लावले. कोंबड्यांविषयीचा प्रश्न अनेकदा गाळला जातो. कोंबड्यांवरील लाल कोळी किडी दिवसा खुराड्याच्या फटीत लपतात आणि रात्री बाहेर पडतात. खुराड्याला लागून खाट असलेल्या माणसाची खाज त्यामुळे ढेकणांच्या नावावर जमा होते. रात्री बॅटरी घेऊन फटी पाहिल्या, की उलगडा होतो.

पुरळ मुळीच नसताना अंगभर खाज असेल, तर शेतात कारण शोधू नये. मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड किंवा मधुमेह यांची तपासणी करण्यास सांगावे. ओठ-जीभ सुजणे, श्वास अडणे, पुरळाबरोबर ताप येणे किंवा पुटकुळ्यांत पू होणे, यांपैकी काही दिसल्यास चिठ्ठी लिहीत न बसता रुग्णाला तातडीने दवाखान्यात न्यावे. चिठ्ठी मागाहून पाठवता येते.